मण्याच्या पोटातली माती

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही, हळू आवाजातच सांगावी लागते. अजून घडलेली नाही, पण घडायला युगं लागतील असंही नाही. आज मांडीवर पेंगणाऱ्या पोराला मिसरूड फुटेल, तेव्हाची म्हणा. कीर्तनात आधी निरूपण आणि मग आख्यान, असा शिरस्ता आहे. मी मात्र दोन्ही एकत्र कालवून सांगणार, कारण या गोष्टीत शास्त्र कुठं संपतं आणि माणूस कुठं सुरू होतो, ते वेगळं काढताच येत नाही.

कोकणात समुद्राला लागून उंचावर सडे आहेत. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, लाल पठार. झाड नाही, सावली नाही, नुसता वारा. अशा एका सड्यावर हवा तपासायचं सरकारी केंद्र होतं आणि त्यात शाल्मली मेस्त्री एकटी काम करायची. पूर्वी चौघं होती. मग वाचक यंत्र आलं आणि तिघांच्या बदल्या झाल्या. चहाचे चार कप मात्र फळीवर तसेच उपडे राहिले. शाल्मली चारही धुवायची, एकात प्यायची.

सकाळी वाडीतून चढण चढून यायचं. दाराशी चपला आणि अंगावरचे कपडे बदलायचे. गळ्यातलं मंगळसूत्र काढून खिळ्याला अडकवायचं. आत सोनं-काच काही न्यायचं नाही, असा नियम होता. छतावरच्या पंख्यानं दिवसभर ओढलेल्या हवेतली धूळ एका गाळणकागदावर जमते, तो कागद उचलायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण सुईनं टिपायचा आणि वाचकाच्या तोंडात द्यायचा. कांदा सोलावा तसं ते यंत्र कणाचा थर न् थर सोलायचं आणि कोणत्या थरात कोणतं मूलद्रव्य किती, ते सांगायचं. एका कणाला दोन-दोन तास लागत. तोवर शाल्मली खिडकीतून समुद्राकडे बघत बसायची. त्या समुद्रात, पश्चिमेला, चुनबेट होतं.

होतं असंच म्हणायला हवं.

चुनबेट प्रवाळाचं. दोन टोकं आणि मधे वाळूची पातळ पट्टी, असं डमरूसारखं बेट. तिथं धक्का आणि दीपगृह बांधायला या भागातली एक्केचाळीस माणसं गेली होती. शाल्मलीचा नवरा भालचंद्र त्यांतलाच. जांभा घडवणारा गवंडी, आणि वाडीच्या देवळात कीर्तनाला टाळ धरणारा. बुवा लयीत जरा पुढे पळाले की भाल्या टाळाच्या एका ठोक्यानं त्यांना मागे खेचायचा. बुवा हसून म्हणायचे, "या मेस्त्र्याच्या ओळंब्यातून आमचा तालसुद्धा सुटत नाही."

जाताना त्यानं एक वेडेपणा केला, निदान सगळे तसं म्हणाले. आईनं दारच्या वृंदावनातली माती फडक्यात बांधून दिली, तुळशीचं एक रोप दिलं. आणि यानं जांभ्याचे सहा चिरे लाँचवर चढवले. सोबतचे खो खो हसले. "अरे भाल्या, दर्यात दगड घेऊन चाललायस? बुडायचा बेत आहे की काय?"

"तुळस काय तुझ्या डोक्यावर लावू?" हा म्हणाला.

बेटावर पोचल्यावर त्यानं दक्षिण टोकाच्या वस्तीत वृंदावन बांधलं. फोनवर म्हणाला, "शमे, हंय सगळां पांढरां गो. वाळू पांढरी, दगड पांढरो, डोळे दिपतत. लाल म्हणशील तर आपली तुळस तेवढी." हसणारे सगळे संध्याकाळी तिथंच येऊन बसू लागले, हेही त्यानंच सांगितलं.

शेवटचा फोन फाल्गुनातला. वस्ती उत्तर टोकाला हलवणार असं कंत्राटदाराचे लोक म्हणत होते. शाल्मलीनं विचारलं, "कधी?"

"आज म्हणतत, उद्या म्हणतत. हलवलां की आधी तुळस नेतलंय, मातीसकट. मगे माझी वळकटी."

पाचव्या दिवशी दोन परक्या आरमारांची त्या पाण्यात गाठ पडली आणि चुनबेटाचं दक्षिण टोक नाहीसं झालं. अणुअस्त्र कुणाचं, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. कंत्राटदारानं निवेदन काढलं: वस्ती दोन दिवस आधीच उत्तरेला हलवली होती, आणि त्या पहाटे एक्केचाळीसही माणसं लाँचमध्ये बसून किनाऱ्याकडे निघाली होती. लाँचचा शोध चालू आहे. उत्तर टोक शाबूत होतं, पण लाटेनं धुऊन नेलेलं. विचारायचं कुणाला?

पहिले पंधरा दिवस किनाऱ्यावर सगळे दारं लावून घरात बसले, विहिरींवर ताडपत्र्या आल्या. मग हळूहळू लोक बाहेर पडले आणि ट्रॉलर निघाले. मासळीला नव्हे, लाँच शोधायला. भालचंद्राचा धाकटा भाऊ दिगंबर एका ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. दर आठवड्याला तो बंदी असलेल्या पाण्यात जायचा, दर खेपेला थोडा अधिक आत. शाल्मलीनं त्याला छातीवर लावायची पट्टी दिली होती. किरणं लागतील तशी ती पिवळ्याची तपकिरी होते. तिसऱ्या खेपेला दिगंबरनं काढून दिलेली पट्टी जळक्या भाकरीच्या रंगाची होती. ट्रॉलर हाकणाऱ्या तांडेलाच्या रक्ताचा रिपोर्ट तर डॉक्टरांनी दोनदा तपासून घेतला.

"दिगू, पुरे आता."

"वयनी, लाँच खंय तरी आसतलीच ना? इंजिन बंद पडलेली लाँच वाहवत जाता. दीड-दीड महिने वाहवत गेलेले जिते मेळले हत."

खरं तर तिलाही हेच हवं होतं.

आता थोडं निरूपण ऐका, म्हणजे पुढचं कळेल.

असा स्फोट जमिनीला टेकून झाला की त्या गोळ्याच्या पोटात जे येतं ते जळत नाही. त्याची वाफ होते. दगड, लोखंड, घरं, झाडं, अस्त्राचं स्वतःचं कवच, सगळ्याची. गोळा वर चढू लागतो आणि खालची माती आपल्यामागे ओढून घेतो. ती माती वितळते, तिचे थेंब होतात. मग सगळं निवू लागतं, आणि निवताना ज्याचा त्याचा नंबर लागतो. फोडल्या गेलेल्या अणूंपासून जी किरणं टाकणारी मूलद्रव्यं जन्मली, त्यांतली झिर्कोनियमसारखी चिवट मंडळी आधी वाफेतून बाहेर येतात. तेव्हा मातीचे थेंब अजून पातळ असतात, म्हणून ती थेंबात आतवर विरघळतात. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम उशिरा येतात, कारण जन्मतः ती वायूच्या रूपात असतात आणि वायू काही थेंबाला चिकटत नाही. काही सेकंदांनी, काही मिनिटांनी त्यांचं रूप पालटतं, तोवर थेंब गोठून काचेचा मणी झालेला असतो. मग ती बाहेरच्या सालीवर बसतात. कीर्तनाला वेळेवर आलेले मंडपात आत, बुवांच्या पायाशी. उशिरा आलेले पायरीवर उभे. मंडप एकदा भरला की ही जागा बदलत नाही. म्हणून मणी सोलला की कोण कधी आलं, ते कळतं.

मोठे मणी तासाभरात जवळपास पडतात. बारीक वाऱ्यावर चढतात आणि शेकडो मैल जातात. फाल्गुनात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो. चुनबेटाची राख दुसऱ्या दिवशी शाल्मलीच्या छतावर उतरली होती. भट्टीतल्या चुन्यासारखी पांढरी, भुसभुशीत. कारण प्रवाळ म्हणजे चुनाच. त्या दिवसाचे गाळणकागद वाचायला तिला सात आठवडे लागले.

वैशाखातल्या एका सकाळी त्या पांढऱ्या राखेत तिला एक काळा मणी दिसला. गोल, चकचकीत, केसाच्या निम्म्या जाडीचा. चुन्यापासून असा मणी बनत नाही; काचेला माती लागते. तिनं तो सुईनं उचलला आणि वाचकाला दिला.

दोन तासांनी पडद्यावर अक्षरं आली: लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम. जांभ्याची माती. केंद्राच्या परिसराशी सत्त्याण्णव टक्के जुळते. स्थानिक भेसळ. नोंद रद्द करायची?

यंत्राचं चुकलं नव्हतं. सड्यावरची लाल धूळ सगळीकडे शिरायची, कागदावर, कपात, पापण्यांत. असे कण रोज रद्द होत. शाल्मलीचं बोट सवयीनं पुढे गेलं, आणि थरांच्या आकड्यांवर तिची नजर पडली.

उडून बसलेली धूळ वितळलेली नसते, आणि ती सगळ्यांत वर असते. इथं लाल माती पोटात होती. वितळून काच झालेली. तिच्यात विरघळलेलं झिर्कोनियम, आणि तिच्यावर स्ट्रॉन्शियम-सीझियमची साल. ही माती केंद्राच्या छतावर येऊन चिकटली नव्हती. ती त्या गोळ्याच्या आत होती. पहिल्या काही सेकंदांत.

चुनबेटावर लाल माती एकाच ठिकाणी होती. सहा चिरे आणि एक फडकं भरून.

ती उठली. चारही कप धुतले. परत येऊन बसली. पडदा विचारतच होता: रद्द करायची?

तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन मणी सापडले. तेही तसेच. एक बटण दाबलं असतं तर भालचंद्र कुठल्या तरी लाँचमध्ये, पालथ्या हातानं ऊन अडवत, वाहत राहिला असता. आणि रद्द केल्याचा दोष कुणी दिला नसता. यंत्रच तर सुचवत होतं. सड्यावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. वारा होता, तो काही विचारत नव्हता.

दुपारी दिगंबर चढण चढून आला. दारातूनच म्हणाला, "वयनी, नवी पट्टी दी. दोन दी."

"दोन कशाला?"

"उद्या सकाळी निघतंव. पाऊस लागायच्या आत शेवटची खेप. ह्या वेळी थेट बेटापर्यंत. चार ट्रॉलर, बावीस माणसां." तो हसला. त्याच्या ओठाच्या कडेला एक फोड होता, तो त्यानं जिभेनं लपवला. "आयेक सांगलंय, दादाक घेवनच येतंय."

तिनं कपाट उघडलं. पट्ट्या समोरच होत्या.

"संपल्यात रे," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी घेऊन येते. माझ्याशिवाय निघू नको."

"तू काय बोटीर येतंस?" त्यानं चिडवलं आणि उतरणीला लागला.

त्याची पाठ दिसेनाशी झाल्यावर तिनं मुंबईच्या मुख्य प्रयोगशाळेला फोन लावला. डॉ. काझी पडद्यावर आल्या. साठीच्या, बारीक आवाजाच्या. शाल्मलीला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तिन्ही मण्यांचे थर पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले.

"भेसळ नाही ही," त्या म्हणाल्या. "रद्द न करता ठेवलंस, बरं केलंस. पण ऐक बेटा. तुझा नवरा तिथं होता. लोक म्हणतील, हिला जे दिसायचं तेच दिसलं."

"आकडे तुम्ही बघा मॅडम. मणी तुमच्याकडे पाठवते. माझं नाव काढून टाका."

"तेही करू. तरी यातून एवढंच सिद्ध होतं की लाल माती दक्षिण टोकाला होती. माणसं होती, हे कसं? वस्ती हलवली असेल आणि वृंदावन मागे राहिलं असेल."

"मॅडम, तुमच्या अहवालात ते सिद्ध होणार नाही. पण आमच्या वाडीत कुणालाही विचारा, घर हलताना आधी काय हलतं."

डॉ. काझींनी चष्मा पुन्हा काढला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे कुराण आधी जातं. अम्मी डोक्यावर घेऊन चालायची." त्यांनी चष्मा परत चढवला. "अहवाल मी रात्रीत पुढे पाठवते. पण त्यावर सह्या व्हायला पंधरा दिवस लागतील."

"ट्रॉलर उद्या सुटतायत."

"मग ते तुलाच सांगावं लागेल, शाल्मली."

तिनं नोंद कायम केली. कपडे बदलले. खिळ्यावरचं मंगळसूत्र काढून हातात धरलं, आणि गळ्यात न घालता मुठीतच ठेवून ती सडा उतरली.

बंदराच्या उतारावर बावीसही माणसं होती. बर्फ चढत होता, डिझेलचे कॅन हातोहात जात होते. तांडेल उलट्या टोपलीवर बसून बाकीच्यांना शिव्या घालत होता. वाटेत ती आखून आली होती, आधी काय सांगायचं, मग काय. तापमान, थर, झिर्कोनियम. समोर पोचल्यावर त्यातलं काहीच आठवेना.

"दिगू," ती म्हणाली, "भालचंद्र वस्ती हलवताना आधी काय नेणार होता?"

"तुळस," दिगंबर म्हणाला. हातातला कॅन त्यानं पुढच्याला दिला. "सगळ्यांका म्हायत आसा. कित्याक?"

"मातीसकट?"

"मातीसकट. चिऱ्यांसकट. तुळस सोडून तो लाँचीत तरी चढतलो काय?"

"ती माती माझ्याकडे आली आहे." तिचा आवाज अगदी रोजचा होता, तिलाच त्याचं नवल वाटलं. "वितळून. स्फोटाच्या पोटातून. दक्षिण टोकाच्या राखेत, तीन मणी. दिगू, तुळस हलली नव्हती."

कॅन ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात राहिला. तांडेलानं पायाजवळची एक शिंपली उचलली आणि बोटांत फिरवत बसला. तुमच्या-माझ्यासारख्याला वाटेल, एवढ्यावरून कसं? तीन मण्यांवरून? पण त्या उतारावरच्या एकानंही तो प्रश्न विचारला नाही. त्यांतले निम्मे भाल्याला लाँचवर चिरे चढवताना हसले होते.

"यंत्र चुकत नाय?" दिगंबरनं विचारलं.

"चुकलं असतं तर बरं झालं असतं. मी दोन दिवस त्याच्या चुकीची वाट बघितली रे."

मग दिगंबर ट्रॉलरवर चढला. पण तो इंजिनाकडे गेला नाही. त्यानं बर्फाची पहिली पेटी उचलली आणि किनाऱ्याकडे उतरवली. मग दुसरी. तांडेल उठला आणि त्याला हात देऊ लागला. बावीस माणसांनी चारही ट्रॉलर रिकामे केले, आणि बर्फाचं पाणी उतारावरून परत समुद्राला मिळालं.

घरी आये वृंदावनाशी होती. सात आठवडे ती दोन पणत्या लावायची. एक इथली आणि एक तिथली. वात वळता वळता तिनं सुनेकडे पाहिलं, सुनेच्या मुठीकडे पाहिलं.

"दिगू जातलो काय गो उद्या?"

"नाही, आये."

म्हातारीनं वात खाली ठेवली. "तुळस मेळली तुका?"

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण माती तिनंच बांधून दिली होती. तिला दुसरं काय विचारायचं असणार? शाल्मलीनं मान हलवली. उंबऱ्यावर बसून तिनं मण्याची गोष्ट सांगितली, आधी आत कोण येऊन बसतं आणि पायरीवर कोण, सगळं. आयेनं कीर्तन ऐकावं तसं ऐकलं, मधे न बोलता.

"म्हंजे आपली माती आपल्याच दाराक इली," ती शेवटी म्हणाली. "तो मणी हंय हाडूक येयत?"

"नाही. शिशाच्या पेटीत ठेवावा लागतो. तीस वर्षांनी त्याची धग निम्मी होते. मग आणखी तीस वर्षांनी पाव."

"मी काय तवसर नाय." आयेनं पदर डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात धरून ठेवला. "तू बघतंस मां तेका? रोज?"

"दोन मुंबईला पाठवायचे आहेत. एक ठेवते. बघेन."

मग शाल्मलीनं मूठ उघडली. मंगळसूत्र तळहातावर होतं. आता याचं काय करायचं, हे विचारायला तिच्याकडे शब्द नव्हते. वाडीतल्या बायका उद्या येतील, त्यांच्याकडे ते असतील. आयेनं ते उचललं, सुनेला पाठमोरी बसवलं आणि तिच्या गळ्यात बांधलं.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "तो मणी थंय आसा. हे मणी हंय आसांदेत."

त्या दिवशी वृंदावनात दुसरी पणतीही लागली. ती आता वाट पाहण्याची नव्हती, इतकाच फरक. अहवाल पुढे यथावकाश निघाला, निवेदन खोटं ठरलं, एक्केचाळीस नावं एका दगडावर आली. दिगंबरच्या ओठाचा फोड बरा झाला. शाल्मली अजून सड्यावर जाते. दाराशी मंगळसूत्र खिळ्याला अडकवते, कागद उचलते, वाचक सुरू करते आणि दोन तास खिडकीशी बसते. हल्ली ती एकच कप धुते. बाकीचे तीन तिनं वाडीत देऊन टाकले. निघण्यापूर्वी शिशाच्या पेटीचं झाकण क्षणभर उघडते, सूक्ष्मदर्शकातून बघते आणि बंद करते. टाळाचा एक ठोका पडावा एवढा वेळ ती तिथं थांबते.

आता उठा, उशीर झाला. जाताना एवढंच करा. उद्या तुळशीला पाणी घालाल, तेव्हा खालच्या मातीला बोट लावा, आणि सहा चिरे घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या भालचंद्र मेस्त्रीचं नाव एकदा घ्या. मनात नको. मोठ्यानं घ्या. सड्यावर वारा असतो, कुणी सांगावं, तिला ऐकू जाईल.